फोटो आणि सामान: परदेशात सॅक घेऊन फिरताना दोन्ही कसे सांभाळावे

वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणारी माझी आतेबहीण तीन आठवडे मध्य युरोपात एकटीने फिरत होती. ती रोज रात्री न चुकता कॅमेऱ्यातले फोटो लॅपटॉपवर उतरवून कार्ड रिकामे करीत असे आणि लॅपटॉपवरून हार्ड डिस्कवर त्यांची आणखी एक प्रत घेत असे. तिच्या नियमितपणात खोट काढायला जागा नव्हती. प्रागहून व्हिएन्नाला जाणाऱ्या गाडीत तिने सॅक डोक्यावरच्या फळीवर ठेवली, अर्धा तास तिचा डोळा लागला आणि उतरण्याच्या वेळी फळी रिकामी होती. लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि कॅमेरा हे तिन्ही त्याच सॅकमध्ये असल्यामुळे एकोणीस दिवसांचे फोटो एकाच वेळी गेले. उरले ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेले साठ-सत्तर फोटो, आणि तेही इतके आक्रसलेले की छापून अल्बममध्ये लावण्याजोगे त्यातले फारच थोडे होते.

त्या प्रसंगानंतर मी स्वतःच्या प्रवासात एक गोष्ट पक्की केली आहे: फोटोंच्या प्रती किती आहेत हे मोजण्याआधी त्या किती वेगवेगळ्या पिशव्यांत आहेत हे मोजावे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम याच विचारावर उभा आहे. प्रती तीन असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्याच जागी असावी. घरी बसलेल्या माणसाच्या बाबतीत ही दुसरी जागा म्हणजे भावाचे घर किंवा बँकेतला लॉकर असू शकतो. पाठीवर घर घेऊन हिंडणाऱ्याला मात्र ती पिशव्या, खिसे आणि क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, यांतूनच निर्माण करावी लागते.

निघण्यापूर्वी किती जागा लागेल याचा हिशेब मांडावा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा चांगल्या प्रतीचा जेपेग फोटो साधारण १० एमबीचा आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न आक्रसता ठेवलेला कच्चा फोटो २५ ते ३० एमबीचा होतो, म्हणजे दोन्ही प्रकारांत मिळून दिवसाला दोनशे फोटो काढणाऱ्याला रोज ८ जीबी आणि वीस दिवसांत १६० जीबी जागा लागते. व्हिडिओ याहून कितीतरी अधिक जागा खातो. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने ४के चित्रण केल्यास एका मिनिटाला ७५० एमबी लागतात, त्यामुळे ज्याला दररोज दहा मिनिटे चित्रण करायचे आहे त्याने आपला हिशेब जवळजवळ दुप्पट धरावा.

एवढ्या जागेसाठी एकच मोठे कार्ड घेण्याऐवजी ६४ जीबीची तीन कार्डे घ्यावीत, म्हणजे एखादे बिघडले किंवा हरवले तरी सगळा प्रवास त्यासोबत जात नाही. बाजारात बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे. वर १२८ जीबी छापलेले असते, आत त्याच्या चौथाई जागाही नसते आणि ती संपल्यावर कार्ड कसलीही तक्रार न करता नुसते वाया गेलेले फोटो साठवत राहते. म्हणून कार्ड विकत घेतल्याबरोबर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रामने ते शेवटपर्यंत भरून तपासावे. कार्ड संगणकात नव्हे, तर ज्या कॅमेऱ्यात वापरायचे त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे. भरलेले कार्ड डबीत उलटे आणि रिकामे सुलटे ठेवण्याची सवय लावून घेतली, तर अंधारात आणि घाईतही चूक होत नाही. विमानतळावरच्या क्ष-किरणांनी कार्डातल्या फोटोंना काही होत नाही. ती काळजी फिल्मचे रोल वापरणाऱ्यांनी करावी आणि रोल हातात देऊन तपासून घ्यावेत.

रोजच्या प्रतीसाठी लॅपटॉप वाहून नेण्याची आता गरज उरलेली नाही. टाइप-सी जोडणी असलेला फोन, एक कार्ड रीडर आणि हाताच्या पंजाएवढा एसएसडी, म्हणजे आत फिरते भाग नसलेली डिस्क, एवढ्यावर काम होते. फिरती तबकडी असलेली जुनी हार्ड डिस्क सॅकमध्ये आपटते आणि आतले नाजूक भाग हादरतात, म्हणून प्रवासाला एसएसडीच बरा. तो घरीच एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून न्यावा, कारण ती पद्धत विंडोज, मॅक आणि बहुतेक नव्या फोनांना वाचता-लिहिता येते. आपल्या फोनला ती जमते की नाही हेही घरीच पाहून घ्यावे.

रात्रीचे काम माझ्या हाताला आता असे बसले आहे. मुक्कामावर पोहोचल्यावर आधी फोन आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावतो, मग एसएसडीवर २०२५-०५-१४-प्राग अशा नावाचे फोल्डर करतो. तारीख वर्षापासून सुरू केली की सगळी फोल्डरे आपोआप क्रमाने लागतात. त्यात कार्डावरचे फोटो कॉपी करायचे, कट कधीही करायचे नाहीत, कारण मध्येच केबल निसटली तर कट केलेली फाइल धड इकडे राहत नाही आणि धड तिकडेही जात नाही. कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते पाहावे आणि पहिला, मधला व अगदी शेवटचा असे तीन फोटो उघडून मोठे करून पाहावेत. कॉपी अर्धवट तुटली असेल तर ती बहुधा शेवटच्या फाइलीवरच कळते. एवढे झाले तरी कार्ड पुसायचे नाही. ज्या कार्डावरचे फोटो दुसऱ्या दोन ठिकाणी नाहीत ते कार्ड फॉरमॅट करायचे नाही, हा नियम मोडायचा मोह कार्ड भरत आल्यावरच होतो, आणि आधी सांगितलेले तिसरे कार्ड त्याच वेळी उपयोगी पडते.

चुकून फोटो पुसले गेलेच तर त्या कार्डावर त्या क्षणापासून एकही नवा फोटो काढू नये. पुसताना कॅमेरा सहसा फक्त नोंद काढून टाकतो, फोटोची मूळ माहिती तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तशीच असते. कार्ड बाजूला काढून ठेवावे आणि घरी आल्यावर फोटोरेक या मोफत प्रोग्रामने प्रयत्न करावा.

कॅमेऱ्याच्या घड्याळाकडे फार थोडे लोक लक्ष देतात. फोन स्थानिक वेळ आपोआप घेतो, कॅमेरा मात्र वडोदऱ्याच्याच वेळेवर चालत राहतो, आणि उन्हाळ्यात व्हिएन्नाची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असल्याने घरी आल्यावर दोन्हींचे फोटो एकत्र केले की सकाळची न्याहारी दुपारच्या किल्ल्यानंतर येते. नव्या देशात उतरल्यावर पहिला फोटो आपल्या फोनच्या घड्याळाचा काढावा. घड्याळ बदलायचे राहून गेले तरी त्या एका फोटोवरून पुढे सगळ्यांच्या वेळा एकदम दुरुस्त करता येतात.

तिसरी प्रत क्लाउडवर. गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटो या तिघांत मिळून वापरली जाते. १ जून २०२१ पासून आकार कमी करून चढवलेले फोटोही सर्वसाधारणपणे त्यातच मोजले जातात. ॲपलची मोफत जागा ५ जीबी आहे. पैसे भरून जागा वाढवता येते, पण खरी अडचण हॉस्टेलच्या वाय-फायची असते. सेकंदाला ५ मेगाबिट या वेगाने २० जीबी वर चढवायला जवळजवळ नऊ तास लागतात, आणि तोच वाय-फाय आणखी तीस जण वापरत असतात. म्हणून सगळे चढवण्याचा अट्टहास न करता दिवसाचे उत्तम पन्नास जेपेग फोटो निवडावेत. ते ५०० एमबी होतात आणि त्याच वेगाने तेरा-चौदा मिनिटांत जातात. बाकी सगळे गेले तरी हे पन्नास राहतात. चीनमध्ये गूगलच्या सेवा बंद आहेत, तिकडे जाणाऱ्याने दुसरी सोय आधी करावी. आईबाबांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचे असतील तर जपून ठेवण्याजोगे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, म्हणजे ते मूळ आकारात पोहोचतात आणि घरच्या फोनवर आणखी एक प्रत तयार होते.

येथे एक सावधगिरीची सूचना कळकळीने द्यावीशी वाटते. फोन भरला म्हणून गॅलरीतले फोटो पुसायला घेऊ नयेत, कारण आयक्लाउड फोटो किंवा गूगल फोटो चालू असताना त्या ॲपमधून पुसलेला फोटो क्लाउडवरूनही जातो. ती जोडणी आहे, कोठार नव्हे. गूगल फोटोमध्ये जागा मोकळी करण्याचा स्वतंत्र पर्याय आहे. तो वर पोहोचलेल्या फोटोंची फक्त फोनवरची प्रत काढतो. तोच वापरावा.

शिवाय फोनच चोरीला गेला तर त्या खात्यात शिरायचे कसे? भारतीय सिमवर येणारा ओटीपी सिमसोबतच गेलेला असतो. गूगल खात्यात दहा बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर छापून, पासपोर्ट आणि व्हिसाच्या छायाप्रतींसह, फोन ज्या पिशवीत असतो तिच्यापासून वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि एक संच वडोदऱ्यात घरी देऊन जावा.

आता पिशव्यांकडे वळू. माझी वाटणी अशी असते: कॅमेरा आणि चालू कार्ड छातीवर घ्यायच्या लहान पिशवीत, भरलेली कार्डे पासपोर्टसोबत कपड्यांच्या आतल्या कमरपट्ट्यात, आणि एसएसडी मोठ्या सॅकमध्ये पाठीला लागून असलेल्या आतल्या कप्प्यात कपड्यांत गुंडाळून. एक पिशवी गेली तरी पूर्ण प्रवास जात नाही. दोघे मिळून जात असतील तर आणखी सोपे: एकमेकांच्या प्रती एकमेकांनी वाहाव्यात.

मोठी सॅक ४० लिटरहून मोठी घेऊ नये, कारण जागा असली की ती भरते. अनेक विमान कंपन्या हातातल्या सामानाला ७ किलोंचीच मुभा देतात आणि युरोपातल्या स्वस्त कंपन्या आकार साच्यात घालून मोजतात. म्हणून घरी लटकता काटा ठेवावा आणि तिकिटावरचा नियम वाचूनच भरावे. जड वस्तू पाठीला लागून, खांद्यांच्या मधोमध येतील अशा ठेवाव्यात आणि कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडावर घट्ट बांधावा, म्हणजे भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. पावसाचे आवरण सॅकची पाठ झाकत नाही, तेव्हा आतून एक जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी लावावी. घरचे लोक लीला चिवडा आणि भाकरवडीची पाकिटे भरून देतात, आणि ते कोणी नाकारूही नये. पण तेलकट पाकीट आणि कॅमेरा एका कप्प्यात नसावेत. युरोपीय संघाच्या देशांत दूध आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, म्हणून पेढे घरीच संपवावेत; ऑस्ट्रेलियात खाण्याची वस्तू अर्जावर जाहीर करावी लागते.

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. त्या हातातच न्याव्या लागतात. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. एमएएचला ३.७ ने गुणून हजाराने भागले की वॅट-अवर मिळतात, म्हणजे २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-अवरची असते आणि चालते. सुट्या बॅटऱ्यांच्या धातूच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. विमान भरले म्हणून दारावर हातातली सॅक काढून घेतली जात असेल तर देण्याआधी पॉवर बँक, कार्डे आणि एसएसडी बाहेर काढून घ्यायला विसरू नये.

महागडा कॅमेरा किंवा लेन्स नेणाऱ्याने निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना ती वस्तू इथूनच नेली होती हे सिद्ध करता येते. आपल्याकडून बहुतेकांचे विमान अहमदाबादहून किंवा मुंबईहून असते; या कामासाठी तिथे वेळ राखून पोहोचावे.

चेक-इन केलेले सामान आले नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी पीआयआर हा सामानाच्या तक्रारीचा अहवाल भरून त्याची प्रत घ्यावी. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार सामान मोडलेले मिळाल्यास ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाल्यास २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. सॅक भरताना आतल्या वस्तूंचा आणि बंद सॅकचा एकेक फोटो काढलेला असला की काउंटरवर वर्णन करणे सोपे जाते.

मधल्या दिवसांत सॅक पाठीवर घेऊन शहर पाहू नये. युरोपातल्या बऱ्याच मोठ्या स्थानकांवर सामान ठेवण्याची सोय असते. जपानमध्ये नाण्यांचे लॉकर जागोजागी आहेत, आणि १९७६ पासून चालत आलेल्या ताक्युबिन सेवेने सॅक एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात पाठवता येते. हॉस्टेलच्या लॉकरला बहुधा आपले कुलूप लागते, ते सोबत असावे. कुठेही सॅक ठेवली तरी भरलेली कार्डे अंगावरच राहू द्यावीत.

या सगळ्याची एक रंगीत तालीम गावातच करावी. गणपती विसर्जनाच्या दिवशी मिरवणुकीचे दोन-तीनशे फोटो काढून त्याच रात्री, थकलेल्या अवस्थेत, फोन आणि एसएसडीवर पूर्ण काम करून पाहावे. कोणती केबल कमी पडते ते तेव्हाच कळते. दुसऱ्या एखाद्या सकाळी भरलेली सॅक घेऊन दांडिया बाजारातून कमाटीबागेपर्यंत चालत जाऊन यावे. परत आल्यावर जे सामान काढून टाकावेसे वाटेल ते खरोखर काढून टाकावे.

प्रवासाहून आल्यावर एसएसडीवरचे सगळे घरच्या संगणकावर उतरवावे, फोल्डरांची संख्या दिवसांशी ताडून पाहावी आणि दुसरी प्रत एखाद्या नातेवाइकाच्या घरी ठेवायला द्यावी. कार्डे मात्र तोवर डबीत उलटीच राहू द्यावीत.