एटनाची ती तीन कडी

सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या इंटरफेरोग्राममध्ये (दोन तारखांच्या प्रतिमांमधला लहरींच्या फेजचा, म्हणजे टप्प्याचा, फरक रंगांत दाखवणारे चित्र) शिखराभोवती तीन ठसठशीत रंगीत कडी आली. रडार लहरीची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंमी आणि लहर जाऊन परत येते, म्हणजे एका कड्याला उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंमी. हिशेबाने डोंगर आठेक सेंमी फुगलेला!

पण कडी समोच्च रेषांना इतकी चिकटून होती की बाष्पाचाच संशय आला. शिखर ३,३०० मीटरहून उंच. पायथ्यापर्यंत जाणाऱ्या लहरींना दमट हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, शिखरावर तो विरळ. दमट हवेत लहरींना जरासा विलंब होतो; दोन तारखांचा दमटपणा वेगळा असला की तो फरक उंचीनुसार फेजमध्ये उतरतो. १९९० च्या दशकातल्या ईआरएस उपग्रहांच्या चित्रांवरून याच डोंगराबाबत हा वाद झाला होता.

मग जोड्या बदलल्या. एक विशिष्ट तारीख दुसरी प्रतिमा म्हणून घेतली की कडी हजर. तीच पहिली धरून पुढची तारीख जोडली की रंगांचा क्रम उलटा. ती वगळून तोच काळ पाहिला तर कडी गायब. फुगलेली जमीन अशी तारखेला बांधलेली नसते.

उंची-फेजची सरळ रेषा बसवून वजा करण्याचा मोह होतो, पण खरा फुगवटाही शिखराभोवतीच असतो, तोही त्यात धुऊन निघतो. म्हणून ईआरए५ या जागतिक हवामान-संचाच्या आकड्यांवरून हवेतला विलंब काढून वजा केला. कडी जवळपास विरली. ईशान्य उतारावर पर्निकाना भ्रंशाशी (खडकांतल्या सरकत्या भेगेशी) रंग तुटल्याची बारीक धार मात्र राहिली. ती हवेची नाही, पूर्वेचा उतार समुद्राकडे सरकतोय त्याची आहे.