मीठ मातकट येत होतं: वाफ्याचा तळ असा घट्ट केला

गोव्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरात एका वाफ्याचं मीठ सारखं मातकट यायचं. मीठ गोळा करायला फळी ओढली की तळाचा चिखल वर. खारं पाणी जास्त भरून पाहिलं. कोरडी चिकणमाती पसरली, तर तिचे पापुद्रे सुटले. अगदी वैताग आला.

शेवटी जमलं ते असं. मानस (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) बंद करून पावसाचं पाणी पूर्ण काढा. शेवाळ आणि मऊ गाळ खरवडा. तळ ओला असतानाच एका कडेपासून पायांनी तुडवत जा, मग लाकडी फळीने सपाट करा. केसाएवढ्या भेगा दिसताच दोन बोटं खारं पाणी सोडून पुन्हा तुडवा. भेगा रुंदावल्या तर पाणी झिरपतं. खळगे त्याच वाफ्याच्या चिखलाने भरा. रेती नको, ती मिठात येते. टाच रुतेनाशी झाली की २५ अंश बोमेचं (बोमे म्हणजे खाऱ्या पाण्याचा दाटपणा मोजायचं माप) पाणी घ्या. त्याहून पातळ घेतलं तर जिप्सम (पाण्यातला दुसरा एक क्षार) तळावर बसतं.