आजोबांच्या थ्री नॉट थ्रीचे पार्ट मूळचे आहेत की बदललेले, कसं ओळखायचं आणि किंमत कशी धरायची

दिवाळीनंतर मावसभावाचा फोन आला, म्हणाला आजोबांची थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ ची ली-एनफील्ड रायफल, इथे पुण्यात डीलरकडे जमा आहे, तिथे एकाने बघून सांगितलं की चार रायफलींची मिळून एक केलीय, भंगार समजा, तू जरा येऊन बघ ना. आजोबा आर्मीतले, लायसन्स जुनं, आम्ही लहानपणी ती रायफल फक्त दसऱ्याला पूजेत बघितलेली. मी गेलो, टॉर्च आणि मोबाईल घेऊन दोन तास बसलो, आणि ती भंगार अजिबात नव्हती. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

आधी कायद्याचं, कारण इथे लोक फार चुका करतात. लायसन्सधारक वारला की हत्यार घरात ठेवायचं नाही, लगेच पोलीस स्टेशनला किंवा लायसन्स असलेल्या डीलरकडे जमा करायचं आणि मग वारसाने अर्ज करायचा, शहरात सुरुवात पोलीस आयुक्तालयापासून. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये सुटे पार्टसुद्धा हत्यारातच धरले जातात, त्यामुळे जुन्या बाजारात बोल्ट (गोळीची जागा मागून बंद करणारा सरकता दांडा) किंवा मॅगझिन दिसलं तरी हात लावू नका. आणि नंबर घासणं, खोडणं, नवीन ठोकणं हा गुन्हा आहे.

बघायला बसलात की डीलरलाच मॅगझिन काढायला सांगा, मग बोल्ट उघडून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे हे स्वतः डोळ्यांनी बघा. त्यानंतर बोल्टच्या हँडलखाली, दस्ता सुरू होतो तिथलं लोखंडी कडं बघा. मुकुट, राजाची अक्षरं, कारखान्याचं नाव, वर्ष आणि मार्क (म्हणजे मॉडेल), सगळं तिथेच असतं. मुकुटाखाली जीआरआय आणि इशापूर असेल तर ती आपल्या बंगालमधल्या कारखान्याची, इंग्लंडची असेल तर एनफील्ड किंवा बीएसए, ऑस्ट्रेलियाची असेल तर लिथगो. मार्क थ्री १९०७ चा, आणि १९१६ मध्ये मार्क थ्री स्टार आला, महायुद्धात माल लवकर निघावा म्हणून त्यात मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिन बंद ठेवून एकेक गोळी घालायची पट्टी) आणि लांब पल्ल्याची व्हॉली साइट काढून टाकली.

आता नंबर. बॉडीच्या (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी सांगाडा) पुढच्या गोल भागावर उजवीकडे, बोल्टच्या हँडलच्या मागे, बॅरलच्या मुळाशी (वरचं लाकडी हँडगार्ड काढलं की दिसतो), मागच्या साइटच्या पट्टीखाली, नोजकॅपवर (नळीच्या तोंडाशी असलेली लोखंडी टोपी) आणि पुढच्या लाकडाच्या खाली टोकाशी. सगळे एका वहीत लिहा, पार्ट, नंबर, कारखान्याची खूण, रंग असे कॉलम पाडून, आणि प्रत्येकाचा फोटो काढा. नंबर ४ रायफल (मार्क थ्रीनंतरचं मॉडेल) असेल तर छोट्या पार्टवरच्या खुणा फार उपयोगी पडतात, चौकोनी एस म्हणजे अमेरिकेतली सॅव्हेज, एलबी म्हणजे कॅनडातली लाँग ब्रँच, एम ४७ सी म्हणजे बीएसएचा शर्ली कारखाना.

एक गोष्ट मात्र प्लीज करू नका, दस्ता पिळून काढायला जाऊ नका. मार्क थ्रीमध्ये दस्त्याच्या आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतं, आधी पुढचं लाकूड न काढता तो फिरवला की लाकूड चिरतं, आणि चिरलेलं लाकूड म्हणजे किंमत गेलीच.

खरा मुद्दा इथून सुरू होतो. पार्ट मिक्स आहेत म्हणजे कोणीतरी फसवलंय असं नसतं, आर्मीच्या वर्कशॉपमध्ये पन्नास वर्षं रायफली उघडून परत जोडल्या जायच्या. आर्मीचं काम ओळखायची खूण अशी, जुना नंबर सरळ रेघ मारून खोडलेला आणि बाजूला नवीन नंबर नीट ठोकलेला, किंवा कड्यावर एफटीआर आणि वर्ष, म्हणजे कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झालेली. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा गेलेला इशापूर स्क्रूसुद्धा मजबुतीसाठी घातलेलं सरकारी काम आहे, कोणी घरी ड्रिल मारलेलं नाही. बाजारी काम वेगळं दिसतं, आकडे ताजे, कडेला चकचकीत धातू, अक्षरांचं वळण बाकीच्यांशी न जुळणारं, जुन्या लोखंडावर नवा काळा रंग. अजून एक सोपी परीक्षा, मागच्या साइटच्या पट्टीवर शेवटचा आकडा ८०० असेल तर ती पट्टी इशापूरच्याच ७.६२ मिमी वाल्या २ए१ रायफलची, थ्री नॉट थ्रीची २००० यार्डांपर्यंत जाते. डीपी अशी खूण असेल तर ती फक्त कवायतीची रायफल, चालवायची नाही.

बोल्टचा नंबर बॉडीशी जुळत नसेल तर किंमतीआधी सेफ्टीचा विचार करा. हा बोल्ट त्या बॉडीत बसवूनच तपासलेला असतो, बदललेला असेल तर गनस्मिथने गेजने हेडस्पेस (बंद बोल्ट आणि गोळीच्या बुडामधली जागा) बघितल्याशिवाय गोळी घालूच नये.

किंमत धरताना मी बॉडी, बॅरल आणि बोल्ट या तिघांना सगळ्यात जास्त वजन देतो, तिन्ही जुळले की बाकी सगळं नंतरचं. त्याखालोखाल लाकूड, न कापलेलं, न घासलेलं. शिकारीसाठी पुढचं लाकूड कापून छोटं केलेलं असेल तर किंमत बरीच पडते. नोजकॅप, मॅगझिन, स्विव्हल (पट्टा अडकवायची कडी), दस्त्यावरची पितळी चकती यांचा फरक थोडासाच, पण चकती ब्रासोने चमकवू नका आणि लाकडाला सँडपेपर तर अजिबात नाही, आमच्याकडे एका काकांनी प्रेमापोटी घासलं आणि खुणा कायमच्या गेल्या. परदेशातल्या ऑनलाइन लिलावातले आकडे बघून हुरळून जाऊ नका, आपल्याकडे थ्री नॉट थ्री प्रोहिबिटेड बोअर (बोअर म्हणजे नळीचा व्यास, हा सर्वसामान्यांना मिळत नाही), घेणाऱ्याकडे त्याच बोअरचं लायसन्स लागतं म्हणजे गिऱ्हाईक मोजकंच. सिव्हिलियनसाठी इशापूरनेच .३१५ ची स्पोर्टिंग रायफल काढली, दिसायला अगदी सख्खी बहीण, पण बोअर वेगळा, म्हणून आधी लायसन्सवर काय लिहिलंय ते वाचा. मग तुमची वही आणि फोटो घेऊन दोन डीलरांकडून लेखी किंमत घ्या, तोंडी आकड्यावर विश्वास नको.

आजोबांच्या रायफलीत बॉडी, बॅरल, बोल्ट आणि साइट चारही नंबर जुळले. नोजकॅप दुसरीची, तिच्यावरचा जुना नंबर रेघ मारून खोडलेला, म्हणजे वर्कशॉपचीच. मॅगझिन बिननंबरी. मावशीने सगळं ऐकून घेतलं, अर्ज तिच्या नावाने टाकलाय, आणि नोजकॅप बदलायची नाही, आहे तशीच राहू दे म्हणाली.