घर सोडताना डिपॉझिट कापलं जाऊ नये म्हणून काय करायचं

डिपॉझिटची भांडणं होतात घर सोडल्यावर, पण त्यांचा निकाल किल्ली द्यायच्या आधीच लागलेला असतो. किल्ली दिली की घरात काय होतं नी काय नव्हतं हे दाखवायला तुमच्याकडे फक्त फोटो आणि मेसेज उरतात, बाकी सगळं तोंडी, आणि तोंडी बोललेलं पैसे द्यायची वेळ आली की कोणालाच आठवत नाही.

नोटीस द्यायच्या आधी अ‍ॅग्रीमेंट नीट वाचा. नोटीस पिरियड, लॉक-इन (ठरलेले महिने पूर्ण व्हायच्या आधी घर सोडायचं नाही ही अट), पेंटिंगचे पैसे कोणी द्यायचे, डिपॉझिट किती दिवसांत परत द्यायचं, हे तिथेच असतं. नोटीस लेखीच द्या, फोनवर सांगितलं असलं तरी लगेच मेसेज किंवा ईमेल करा, अमुक तारखेला घर रिकामं करतोय म्हणून. शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा असं बरेच जण परस्पर ठरवतात, ते मालकाने लेखी हो म्हटल्याशिवाय करू नका, नाहीतर भाडं थकवलं हा मुद्दा त्याला आयता मिळतो.

सामान हलवलं, झाडून पुसून झालं की व्हिडिओ काढा. दारापासून सुरुवात करून न थांबता सगळं घर, नळ चालू करून, दिवे लावून, कपाटं उघडून, सिंकच्या खालची जागासुद्धा, कारण गळती आणि फुगलेलं प्लायवुड तिथेच सापडतं. मीटर रीडिंगचा फोटो वेगळा घ्या. मग मालकाला बोलवून एकत्र पाहणी करा, जे काय खराब दिसेल ते तिथल्या तिथे लिहा, दोघांच्या सह्या, आणि किती किल्ल्या परत दिल्या तेही त्यातच.

आता खरा वाद, झीज की नुकसान. पलंगामागची भिंत काळपट झाली, रंग फिका पडला, ही राहण्यातली झीज, तिचे पैसे सहसा भाडेकरूने द्यायचे नसतात. दार फुटलं, बेसिनला तडा गेला, ते नुकसान. पण नुकसान तुमचंच असलं तरी नव्या वस्तूची पूर्ण किंमत का द्यायची? समजा रंग 5 वर्षं टिकतो आणि तो लावून 4 झाली, तर फार तर पाचवा हिस्सा मागता येईल, तोही खराब केलेल्या भिंतीपुरता. हा हिशोब शांतपणे मांडला की बऱ्याचदा आकडा खाली येतो. (आवाज चढवून येत नाही.)

‘साफसफाई आणि रिपेअर’ असा एकच गोल आकडा कापला तर बाबवार यादी आणि बिलं मागा. अर्धे पैसे आले तर घ्या, पण लगेच लिहून कळवा की एवढे मिळाले, उरलेल्या रकमेवर माझा दावा आहे. पैसे खात्यात येईपर्यंत ‘हिशोब पूर्ण, काही बाकी नाही’ अशा कागदावर सही करू नका, कितीही गोड बोलले तरी.

तरीही टाळाटाळ चालू राहिली तर रक्कम, खाते नंबर आणि शेवटची तारीख टाकून एक कोरडं पत्र पाठवा, पोच ठेवा. त्यानंतर वकिलाची नोटीस, मग कोर्ट. काही देशांत डिपॉझिट तिसऱ्याच संस्थेकडे ठेवलेलं असतं आणि वादही तीच सोडवते, तसं असेल तर आधी तिकडे अर्ज करा. रक्कम लहान असेल तर वकिलाचा खर्च किती होईल ते आधीच विचारून घ्या.