उन्हाळ्यात ब्रियोश: गोळा गार ठेवा

ब्रियोश म्हणजे अंडी आणि भरपूर बटर घातलेला फ्रेंच पाव. परदेशी कृतींमध्ये 'बाहेर ठेवलेलं बटर' म्हणतात, ते तिकडच्या 20 अंशांचं. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, आणि बटर तर तिशीच्या पुढेच पातळ व्हायला लागतं. वितळलेलं बटर पिठात मुरत नाही, सुटून बाहेर येतं, आणि पाव तेलकट व गच्च होतो. म्हणून पहिल्यांदा करताना सगळं लक्ष गारव्यावर ठेवा.

साहित्य, 8 बाय 4 इंचाच्या एका टिनसाठी: मैदा 250 ग्रॅम, अंडी 3 (कवचाशिवाय साधारण 130 ग्रॅम), दूध 25 मिली, साखर 30 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 4 ग्रॅम, बिनमिठाचं बटर 100 ग्रॅम. खारं बटर असेल तर मीठ निम्मं करा. घरचं लोणी चालतं, पण थंड पाण्यात धुऊन, दाबून त्यातलं ताक-पाणी पूर्ण काढा, नाहीतर गोळा सैल पडतो. तूप मात्र नको. सगळं वाटीने नाही, काट्यावर मोजा.

उन्हाळ्यात मैदासुद्धा 2 तास फ्रीजमध्ये ठेवा. बाहेरचा मैदा खोलीइतकाच तापलेला असतो, त्यात थंड दूध घालून फारसा फरक पडत नाही. मळायला पहाटेची वेळ उत्तम.

बटर सोडून सगळं एकत्र करा, 20 मिनिटं झाकून ठेवा आणि मग 10 ते 12 मिनिटं मळा. गोळा हाताला चिकटतो, चिकटू द्या. वरून मैदा टाकायचा मोह इथेच होतो आणि पाव इथेच कोरडा होतो. हाताऐवजी पसरट उलथन्याने ओट्यावरून खरवडून उचला, आपटा, दुमडा. लिंबाएवढा तुकडा बोटांवर हळूहळू ताणून पाहा: पडदा न फाटता पलीकडचा उजेड दिसला, की बटर घालायची वेळ झाली. त्याआधी घातलं तर पिठाला ताण येतच नाही.

बटर गार, पण बोटाने दाबल्यावर खळगा पडेल इतपत मऊ हवं. 7-8 हप्त्यांत घाला. आधीचं पूर्ण जिरलं की पुढचं. मध्येच गोळा फाटल्यासारखा दिसेल, घाबरू नका, मळत राहिलात की परत जुळतो. पण त्यावर तेलाची चकाकी आली तर लगेच थांबा आणि परातीसकट 20 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

झाकून अर्धा-पाऊण तास बाहेर, मग 10-12 तास फ्रीजमध्ये. या मुक्कामात बटर घट्ट होतं, चव मुरते आणि गोळा वळता येतो. लाइट गेली तर फ्रीज उघडू नका.

दुसऱ्या दिवशी गार असतानाच 68 ग्रॅमचे 8 गोळे करून दोन रांगांत टिनमध्ये लावा, ओल्या फडक्याने झाका. मे महिन्यात तासाभरात फुगतात, डिसेंबरात दोन-अडीच तास लागतात. घड्याळापेक्षा बोट खरं: हलकं दाबल्यावर खळगा सावकाश भरला तर तयार, लगेच उसळला तर अजून थांबा, तसाच राहिला तर जास्त फुगलंय, ताबडतोब ओव्हनमध्ये घाला. लवकर फुगावं म्हणून टिन उन्हात ठेवू नका, तळाशी बटर गळतं.

वरून फेटलेलं अंडं लावा. 15 मिनिटं तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 28 ते 32 मिनिटं भाजा. साखर-अंड्यामुळे रंग लवकर येतो, आतून मात्र कच्चाच असतो. छोट्या ओटीजीत (विजेच्या घरगुती ओव्हनमध्ये) 15 मिनिटांनी वर फॉइल टाका. थर्मामीटर असेल तर मधोमध 90 अंश हवेत.

10 मिनिटांनी टिनमधून काढा, जास्त वेळ ठेवला तर वाफेने बाजू ओल्या होऊन खचतात. जाळीवर तासभर निवू द्या आणि मगच सुरी लावा.