मित्र भरती आहे? या चुका टाळा

धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांपासून मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांपर्यंत अख्ख्या विदर्भाचे पेशंट नागपुरात येतात, त्यामुळे दवाखान्यात कोणाला तरी भेटायला जाणं आपल्याला नवीन नाही. भेटायला आपण धावतोच. चूक होते ती पुढे. सुट्टी होऊन मित्र घरी आला की आपण निश्चिंत होतो, आणि त्याच्या घरच्यांची खरी ओढाताण तिथूनच सुरू होते.

"काही लागलं त सांगजो बे"

मनापासून म्हटलेलं असतं, पण सांगत कोणीच नाही. आजारी माणसाला संकोच वाटतो, आणि वहिनीला काय लागतंय याचा विचार करायलाही उसंत नसते. त्यापेक्षा काम ठरवून सांगा: "शनिवारी रात्री मी थांबतो, तुम्ही घरी जाऊन झोपा." रात्री थांबणं म्हणजे खुर्चीत अवघडून बसणं, पहाटे तीनला सिस्टरने चिठ्ठी दिली की खाली मेडिकल स्टोअरला पळणं, सलाईन संपत आलं की बेल दाबणं. ज्या बाईने सलग काही रात्री हे केलंय, तिला एक रात्रीची झोप हीच मोठी मदत. रात्री जमत नसेल तर मुलांना ट्यूशनला सोडा, आईबाबांचा डबा पोचवा. छोटं काम घ्या, पण सोडू नका.

भेटायला जाताना

पाच-सहा जणांनी मिळून जाऊ नका. सर्दी-खोकला असेल तर अजिबातच नको. "कसा बारीक झाला बे तू!" हे वाक्य घरी ठेवून या, आणि याच आजारात दगावलेल्या कोणा काकांची गोष्टही.

खाण्याचं मात्र नीट समजून घ्या. आपल्याकडे पेशंटला भेटायला निघालं की हाताशी संत्री आणि नारळपाणी असतंच. किडनीच्या पेशंटला हेच घातक ठरू शकतं, कारण दोन्हीत पोटॅशियम भरपूर असतं; किडनी ते बाहेर टाकू शकली नाही तर रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. किमोथेरपी चालू असलेल्याला बाहेरचा ज्यूस, चाट, कापून ठेवलेली फळं नकोत. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि साधा जंतूही भारी पडतो. न्यायचंच असेल तर आधी घरच्यांना विचारा.

काढा, चूर्ण, गावाकडचा वैद्य हे सगळं प्रेमापोटीच सुचवलं जातं. पण काही जडीबुटी चालू गोळ्यांचा परिणाम कमी-जास्त करतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, आणि "त्या गोळ्या बंद कर" हे तर कोणीच म्हणू नये.

रक्त आणि प्लेटलेट्स

सगळे मित्र एकाच दिवशी रक्त द्यायला पोचतात, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा गरज पडली की कोणी उरत नाही. पुरुषांना दोन रक्तदानांत 90 दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, स्त्रियांना 120. दान केलेल्या प्लेटलेट्स साधारण 5 दिवसच टिकतात. म्हणून नावांची यादी करा, पाळीपाळीने जा. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकताना तारीख लिहा आणि गरज भागल्यावर तसं कळवा. नाहीतर तोच मेसेज कित्येक महिने फिरत राहतो आणि घरच्यांचा फोन वाजत राहतो.

पैशाचं बोलायला उशीर

वर्गणी काढण्याआधी सरकारी योजनेचं बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेसाठी मदत करणारा माणूस, बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्याला भेटा. मंजुरी उपचाराआधी लागते, बिल भरून झाल्यावर योजना आठवून उपयोग नाही. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, तेही विचारा. ही धावपळ मित्राने करायची, घरच्यांनी पेशंटजवळ बसायचं.

सुट्टी झाल्यावर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आमच्या एका मित्राच्या घरी बायपासनंतर औषधांचा डबा आवरताना रक्तदाबाच्या दोन पट्ट्या निघाल्या. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषध एकच. एक जुनी, एक नवीन, आणि तो दोन्ही घेत होता. चक्कर त्यामुळेच येत होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी डिस्चार्ज कार्ड घेऊन सिस्टरकडे बसा. 1-0-1 म्हणजे सकाळी आणि रात्री, हे घरच्यांना समजावून द्या. घरातल्या जुन्या पट्ट्या डॉक्टरांना दाखवा आणि कोणत्या बंद करायच्या ते विचारून घ्या.

"चल, फुटाळा तलावावर चक्कर मारू" म्हणत बायपास झालेल्या मित्राला गाडीवर मागे बसवू नका. छातीचं हाड जुळायला साधारण 6 ते 8 आठवडे, कधी जास्तही लागतात. एक स्पीडब्रेकर पुरेसा असतो. त्याच्यासोबत सकाळी गल्लीत पायी फिरा.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना दुपारच्या फॉलोअपला नेऊ नका, सकाळची वेळ मागा. "भरपूर पाणी पी" हा सल्ला हृदयाच्या आणि डायलिसिसच्या पेशंटला लागू पडेलच असं नाही. दिवसाला किती चालेल ते डॉक्टरांकडूनच घ्या. इन्सुलिन आणायला गेलात तर ते तापलेल्या डिक्कीत टाकू नका, बर्फाच्या पिशवीसोबत आणा, पण बर्फाला चिकटवून नको. आणि कूलर! पेशंटच्या खोलीतला कूलर स्वतः हाताने धुवून द्या, टाकीतलं पाणी बदला. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि त्याच्या अंगात आता तेवढी ताकद नाही.

अडलं तर

किमोथेरपी चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखान्याला फोन, आणि रात्र असली तरी निघायचं.

आयसीयूमधून आलेला मित्र विसरभोळा झाला, रात्री घाबरून उठतो, उगाच चिडतो? असं बऱ्याच जणांचं होतं, काहींना महिनोन्महिने. वाद घालू नका, पण पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला.

फोन उचलत नाही? रागावू नका. "उत्तर नको देऊ, गुरुवारी डायलिसिसला मीच नेतो" एवढा मेसेज टाका आणि गुरुवारी वेळेवर गाडी घेऊन जा. एका वेळचं डायलिसिस साधारण चार तास चालतं, तेवढा वेळ वहिनीला मोकळा मिळतो. आणि "आता जगून काय करू" असं तो बोलायला लागला तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.