सीपॅप लावताय? पट्टे सैल करा

मी घोरते हे मला माहेरच्या एका लग्नात कळलं. चिपळूणच्या कार्यालयात एका खोलीत आम्ही अकरा बायका झोपलो होतो. सकाळी मावसबहीण चहा देताना म्हणाली, "ताई, घोरतेस त्याचं काही नाही गं, पण मधेच बंद पडतेस ना, तेव्हा उठून बघावंसं वाटतं." बंद पडणं म्हणजे श्वास थांबणं. त्यानंतर तपासणी झाली, सीपॅप मशीन आलं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, आणि आता सात वर्षं ते माझ्या उशाशी आहे. दिराचं, शेजारच्या काकांचं आणि शाळेतल्या दोघांचं मशीन मीच बसवून दिलंय. त्या अनुभवावरून लिहिते.

स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, न करता मशीन घेऊ नका. दवाखान्यात रात्रभर झोपून करा किंवा घरी यंत्र लावून, डॉक्टर सांगतील तसं. पण छापील अहवाल हातात घ्या. त्यात एएचआय नावाचा आकडा असतो. झोपेच्या एका तासात श्वास किती वेळा थांबला किंवा अर्धवट झाला, तो हा आकडा. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. माझा ३८ होता. "बायका कुठे एवढ्या घोरतात" म्हणून मी तीन वर्षं काढली, तेवढ्यात रक्तदाबाची गोळी मागे लागली.

मशीन निवडणं सोपं आहे, पण लोक महिनाभर त्यावरच डोकं खपवतात. बहुतेकांना ऑटो सीपॅप चालतं. ते ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबात स्वतःच वरखाली होतं. बायपॅप, म्हणजे श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं मशीन, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच घ्या, "महाग म्हणजे चांगलं" असं इथे नाही. हवेला ओलावा देणारा ह्युमिडिफायर जोडलेला हवा, रात्रीचे आकडे दिसायला हवेत आणि बिघडलं तर आपल्या गावात बघणारा माणूस हवा. मिळालं तर आधी महिनाभर भाड्यानं घ्या. कुणाच्या दिवंगत सासऱ्यांचं स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. त्यावर दाब त्यांचा लावलेला असतो, शिवाय २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्सनं आतला फोम झिजून कण हवेत येण्याच्या धोक्यामुळे लाखो मशीन परत मागवली होती. त्यातलं एखादं तुमच्याकडे यायला नको. केंद्र सरकारी निवृत्त असाल तर सीजीएचएस या सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी खरेदीच्या आधी घ्या, नंतर कागद नाचवून उपयोग नसतो.

आणि "त्या आवाजात झोप कशी येणार" हे विचारणं बंद करा. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत जगापुढे आणली, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती आणि मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावा लागे. आजचं मशीन छताच्या पंख्यापेक्षा शांत असतं. चिकटवण्याचा त्रास मात्र सरला असं पूर्णपणे म्हणवत नाही. हवा बाहेर न गळता मास्क चेहऱ्यावर कसा टिकवायचा, हा तेव्हाचाच प्रश्न आज तुमच्यापुढे येणार आहे.

मास्क

इथे मी हरले होते, म्हणून इथे सविस्तर.

मास्क तीन प्रकारचे. नाकपुड्यांत टेकणाऱ्या छोट्या उशा, नाकावर बसणारा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. दुकानदार विचारतो, "तोंड उघडं ठेवून झोपता का?" तुम्ही हो म्हणालात की फुल फेस गळ्यात. माझं ठाम मत, आधी नाकाचा घ्या. मास्क जितका मोठा तितकी त्याची कड लांब, आणि कड लांब तितक्या गळायच्या जागा जास्त. फुल फेसचे पट्टे आवळले की जबडाही मागे ढकलला जातो, म्हणजे ज्या घशाला उघडं ठेवायचं तोच अरुंद. नाक खरोखरच बंद असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तरीही जमत नसेल तर फुल फेस आहेच. एकच अट घाला, पंधरा दिवसांत बदलून द्यायचा. बदलून देणार नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

मिशीवाल्यांसाठी वेगळा शब्द. शेजारच्या काकांची मिशी झुपकेदार. नाकाखाली टेकणारा मास्क त्यांनी घेतला आणि रात्रभर मिशीतून फुसफुस. मिशी काढा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. शेवटी नाकपुड्यांतल्या उशांनी काम झालं, मिशीही राहिली.

आता बसवणं. मी पहिल्या रात्री पलंगावर बसून, आरशात बघून, हवा सुरू न करता पट्टे नीट आवळले. आडवी झाले, मशीन सुरू केलं आणि हवा थेट डाव्या डोळ्यात. उठून आणखी आवळलं. गळती वाढली. आणखी आवळलं. असं सहा आठवडे. नाकाच्या दांड्यावर लाल खळगा पडला, मग त्याची जखम झाली. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, नाकाला काय लागलं?" मी सांगितलं, चष्मा. ज्यांच्याकडून मास्क घेतला त्यांना फोन केला तर उत्तर आलं, "अजून थोडा टाइट करा मॅडम."

हा सल्ला उलटा आहे. मास्कची कड म्हणजे पातळ सिलिकॉनचा पदर. आत हवा भरली की तो फुगतो आणि फुगूनच गालाला चिकटतो. आवळलात की तो चपटा होतो, त्याला सुरकुती पडते आणि सुरकुतीतून हवा निसटते. मला हे एका स्लीप लॅबमधल्या तंत्रज्ञानं दाखवलं. त्यानं बोलण्याआधी माझे सगळे पट्टे सोडले, मला कॉटवर आडवं केलं, मशीन सुरू केलं आणि मास्क नुसता तळहातानं नाकावर धरला. आवाज बंद. एकही पट्टा लावलेला नव्हता.

तेव्हापासून मी सगळ्यांना असंच बसवून देते. आपल्याच उशीवर, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर आडवे व्हा. बसल्यावर गाल एका जागी असतात, झोपल्यावर दुसऱ्या. कवळी रात्री काढत असाल तर काढूनच मास्क लावा, कारण कवळीविना गाल आत जातात. मशीन सुरू करा. मास्क फिट तपासायची सोय असेल तर ती वापरा, त्यात दाब झोपेतल्यासारखा चढतो. मांडीवर मशीन घेऊन कमी दाबावर बसवलेला मास्क पहाटे तीनला वाढलेल्या दाबात उचलला जातो. पट्टे पूर्ण सैल. मास्क हातानं धरा. आधी खालचे दोन पट्टे, दोन्हीकडे सारखे, मग वरचे. आवाज थांबला की हातही थांबला पाहिजे. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकायला हवं. डावीकडे वळा, उजवीकडे वळा. कुठे फुसफुसलं तर पट्ट्याला हात लावू नका. मास्क चेहऱ्यापासून बोटभर पुढे ओढा आणि अलगद सोडा. पदर पुन्हा फुगून बसतो. दहापैकी आठ वेळा गळती तिथेच संपते.

एकदा नेमकं बसलं की पट्ट्यांवर बॉलपेननं खूण करा. धुतल्यावर पुन्हा सगळा खेळ मांडावा लागत नाही.

मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकं असतात. तिथून हवा येतेच, ती यायलाच हवी, आपण सोडलेला श्वास तिथून बाहेर पडतो. काकांनी "लीक बंद केला" म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावली होती. मी ती दिसल्या दिसल्या ओढून काढली. ही चूक गंमत म्हणूनही करू नका.

रात्री तोंडाला खोबरेल किंवा साय लावायची सवय असेल तर ती सकाळवर ढकला. तेलकट कातडीवर सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराबही होतं. तोंड साध्या साबणानं धुवा, पुसा, मग मास्क. केसांचा अंबाडा घालून पट्टे बसत नाहीत. मी सैल वेणी घालून पुढे खांद्यावर घेते.

सवय

पहिल्याच रात्री आठ तास झोपायचं ठरवू नका. दोन-तीन संध्याकाळी मास्क नुसता लावून मालिका बघा, नळी न जोडता. मग नळी जोडून, हवा सुरू ठेवून, अर्धा तास. मग दुपारची वामकुक्षी. मग रात्र. सुरुवातीला धावत्या एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखं वाटतं. रॅम्प लावला की हवा कमी दाबानं सुरू होऊन हळूहळू चढते, आणि श्वास सोडताना दाब उतरवायची सोय असते, ती चालू करा. हे दोन्ही स्वतः करायला हरकत नाही. मूळ दाबाचे आकडे मात्र व्हिडिओ बघून बदलू नका, डॉक्टरांना विचारा. मधेच जाग येऊन मास्क काढलात तर काढलात, पाणी प्या, परत लावा. परत लावणं महत्त्वाचं.

सकाळी पोट फुगलेलं, ढेकर येताहेत, म्हणजे हवा गिळली जातेय. आठवड्यात थांबलं नाही तर डॉक्टरांना सांगा. तोंडाला कोरड पडत असेल तर आधी ह्युमिडिफायर एक घर वाढवा, मग नाक तपासा. हनुवटीला बांधायचा पट्टा मी तिघांना वापरताना पाहिलाय, तिघांचाही आता कपाटात आहे. तोंडाला टेप लावायचं खूळ हल्ली निघालंय. माझ्या घरात तरी कुणाला लावू देणार नाही. रात्री नाक बंद झालं किंवा उलटी आली तर काय करायचं?

नाक चोंदत असेल तर जलनेती करा. पाणी उकळून कोमट केलेलं, नळाचं थेट नाही. नाक मोकळं करणारे थेंब आठवड्यापेक्षा जास्त दिवस ओढू नका. नंतर त्यांच्यामुळेच नाक बंद होऊ लागतं.

घरातल्या गोष्टी

ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी, औषधाच्या दुकानातून. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी नको. रोज सकाळी उरलेलं ओतून टाका, मास्कची कड पुसा. आठवड्यातून एकदा नळी, टाकी आणि पट्टे कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवा. फिल्टर काळा दिसला की बदला. नाशिकच्या थंडीत एसीशिवायही नळीत पाणी साचून पहाटे नाकावर शिंतोडे उडतात. नळी पांघरुणाखालून घ्या आणि ओलावा एक घर कमी करा. चिपळूणला पावसाळ्यात मी तो बंदच ठेवते, हवेतच इतकी ओल असते.

मशीन असलेल्या खोलीत डासांची कॉइल, उदबत्ती, धूप काही नको. फिल्टर धूळ अडवतो, धूर नाही. तो सरळ नाकात येतो. मच्छरदाणी लावत असाल तर मशीन बाहेर स्टुलावर ठेवा, उशीपेक्षा जरा खाली. नळी गादीखाली खोचलेल्या कडेतून आत घ्या. वरून घेतलीत तर जाळी उचललेली राहते आणि रात्रभर डास.

वीज गेली तर गुदमरून मरू, ही भीती सगळ्यांना वाटते. नाकाचा मास्क असेल तर तोंड उघडून श्वास घेता येतो, आणि फुल फेसला अशा वेळी आपोआप उघडणारी झडप असते. तरी दबलेली हवा थांबल्यावर बहुतेकांना जाग येतेच. इन्व्हर्टर घ्यायचा तर शुद्ध साइन वेव्हचा, आणि त्यावर असताना ह्युमिडिफायरचा हीटर बंद. वीज खाणारा तोच असतो.

आकडे आठवड्यातून एकदा बघा. रोज बघणारे वेडे होतात, दिरांना विचारा. आधी गळती बघायची. माझ्या मशीनवर ती मिनिटाला २४ लिटरच्या आत असावी लागते. गळती जास्त असेल तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास नको. ती ठीक असून एएचआय ५ च्या वर राहत असेल तर मशीनमधलं मेमरी कार्ड किंवा अहवाल घेऊन डॉक्टरांकडे. बाराएक किलो वजन उतरलं, तरीही. दाब पुन्हा ठरवावा लागतो, मशीन आपल्या मनानं सोडायचं नसतं.

प्रवासात विमानात मशीन सोबत हातात घ्या, सामानात टाकू नका, आणि टाकी रिकामी करा. डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत पिशवीत ठेवा. रेल्वेच्या सॉकेटवर विसंबू नका, अनेक गाड्यांत रात्री अकरा ते पहाटे पाच ते बंद ठेवतात. मला हे रात्रीच्या एका गाडीत वरच्या बर्थवर कळलं, मास्क लावून, आवाज अचानक थांबल्यावर. आता बॅटरी नेते, आणि खालच्या बर्थवरच्यांना झोपण्यापूर्वी सांगून ठेवते की हे काय आहे, नाहीतर कुणीतरी टॉर्च मारून बघतंच.